जंगलात चाकं कशाला, कोणी सांगेल का?

कान्हाच्या जंगल सफारीचं बुकिंग झालं की इंदुरातली मराठी कुटुंबं पहिलं काय करतात? राजवाड्याकडच्या बॅगवाल्याकडे जातात आणि २८ इंची, कडक कवचाची, चार चाकांची चकचकीत ट्रॉली घेऊन येतात. दुकानदार ती टाइल्सवर एका बोटाने गर्रकन फिरवून दाखवतो, मग वर उभा राहून दाखवतो, आणि अख्खं घर माना डोलावतं. अहो, पण जंगलाच्या कडेला टाइल्स कोणी घातल्यात? गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत मुरूम, खडी, नाहीतर शेणाने सारवलेलं अंगण. त्या इवल्याशा चाकात आणि त्याच्या बेचक्यात एक खडा अडकला की चाक फिरायचं थांबतं. ओढणारा थांबत नाही. मग चाकाचं रबर सोलून निघतं आणि बेचकं मुळापासून तडकतं. स्वस्त बॅगांत ते रिव्हेटने ठोकलेलं असतं, त्यामुळे स्क्रू काढून नवं बसवू म्हटलं तरी जमत नाही. बसा आता उचलत!

आणि उचलायची कुठे कुठे? इंदूर-जबलपूर रात्रीची गाडी, तिथून मंडल्यावरून चार तास रस्ता. बर्थखाली ही ट्रॉली आडवी घातली की समोरच्याच्या चपला ठेवायलाही जागा उरत नाही, मग दोन्ही बाजूंनी तोंडं वाकडी. पुढे इनोव्हात सहा माणसं आणि अशा चार ट्रॉल्या मावत नाहीत, म्हणून दोन कॅरियरवर दोरीने आवळायच्या. कवचाला पहिला तडा तिथेच जातो. कापडी डफल, म्हणजे मऊ लांबट बॅग असती तर दाबून कोंबली असती ना!

खोलीत किंवा तंबूत वेगळाच तमाशा. कडक ट्रॉली मधोमध उघडते, दोन्ही पाखं जमिनीवर पसरावी लागतात. पहाटे पाचला, अर्ध्या झोपेत, अंधुक दिव्यात जो तो त्यात पाय घालतो. वरून उघडणारी डफल कोपऱ्यात उभी राहते. एवढी साधी गोष्ट दुकानात कोणी विचारतसुद्धा नाही.

सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीला डिकी नसते, हे तर कोणाच्या गावीच नाही. सहा पर्यटक, गाइड, चालक, बस्स. पायाशी ठेवायला २० लिटरची सॅक पुरते, लोंबणारे पट्टे नसलेली. सातपुड्यात मढईला तर देनवा नदी बोटीने ओलांडून पलीकडच्या जिप्सीत बसायचं असतं, तिथेही हीच सॅक कामाला येते. तिच्यात पाणी, दुर्बीण, कानटोपी आणि परमिटवर नंबर असलेलं मूळ ओळखपत्र. मूळ! झेरॉक्स नव्हे, मोबाइलमधला फोटो नव्हे. ते ट्रॉलीच्या आतल्या चोरकप्प्यात ठेवून गेटवर खिसे चाचपणारे आणि मग गाइडवर खेकसणारे महाभाग दर हंगामात असतात. त्यात गाइडचा काय दोष?

धुळीचं तर विचारू नका. ‘वॉटरप्रूफ आहे साहेब’ म्हणत दुकानदार कापडावर पाणी ओतून दाखवतो. कापडाला लेप असतो, मान्य. शिलाईच्या भोकांना आणि झिपला काय असतं? काही नाही. समोरच्या जिप्सीची लाल धूळ तिथूनच आत शिरते. म्हणून कपडे वेगळ्या कापडी पिशव्यांत भरायचे आणि झिप नीट पारखून घ्यायची. स्लायडर उलटा करा, मागे बहुधा आकडा असतो. ५ असेल तर मोठ्या बॅगेला ती तकलादू. ८ किंवा १० हवा. दात नायलॉनच्या वेटोळ्याचे घ्या. अडकले तर जुन्या टूथब्रशने झाडून मेणबत्ती घासली की चालतात. रेतीने स्लायडर झिजून सैल पडला की झिप मागून उसवत जाते. तेव्हा पकडीने तो दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचा. हलकेच! पहिलवानकी केली तर तुटतो.

आता केनियाला जाणारे. यांचं तर डोकंच फिरलेलं असतं. मुंबई-नैरोबीच्या मोठ्या विमानाचं वजन बघून बॅग भरतात आणि मसाई माराच्या जंगलासाठी नैरोबीच्याच विल्सन विमानतळावरून छोटं विमान आहे, हे विसरतात. तिथे साधारण १५ किलो, तेही हातातली बॅग आणि कॅमेरा धरून, आणि बॅग मऊच लागते. या छोट्या विमानाच्या, सेसना कॅरव्हॅनच्या, पोटाखालच्या बुटक्या कप्प्यात सामान कोंबतात, कडक पेटी तिथे वाकत नाही. हिशेब करा की जरा: रिकामी ट्रॉलीच साडेचार किलो, १५०-६०० मिमीची लेन्स दोन किलो, कॅमेरा आणि त्याची बॅग दोन किलो. उरले साडेसहा. त्यात दोन किलो शेव-चिवडा! शेव नेऊ नका असं कोण म्हणतंय, अर्धा किलो न्या की. रिकामी डफल दीड किलोच्या आत येते, म्हणजे तीन किलो तिथेच वाचले. कपडे तीन जोड पुरतात, बऱ्याच कॅम्पांत धुऊन देतात. आतले कपडे तेवढे आपले आपण धुवायचे. लेन्स टेकवायची बीन बॅग रिकामी न्यायची आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरातून तांदूळ मागून भरायची. घरूनच तीन किलो तांदूळ भरून नेणाऱ्यांना काय म्हणावं?

पॉलिथिनच्या कॅरीबॅगा केनियात २०१७ पासून बंद आहेत, तेव्हा चपला कापडी पिशवीत. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्डही तिथेच, कारण परतताना ते भारतात दाखवावं लागतं.

आणि तो ‘जंगल लुक’! दुकानदार मिलिटरी छापाची बॅग पुढे करतो, वर त्याच छापाची टोपी फुकट. आफ्रिकेतल्याच झांबिया, झिंबाब्वेत साध्या माणसाने तसला छाप घालणं गुन्हा आहे. मग म्हणे गडद निळी घ्या, मळत नाही. निळ्या-काळ्या रंगावर तिथली चावरी त्सेत्से माशी धावून येते आणि तिचा डंख जाड कापडातूनही लागतो. मातकट, खाकी, शेवाळी मागा. नसेल तर दुकानातून बाहेर पडा. तो पाठीमागून ‘साहेब, पाचशे कमी करतो’ म्हणेल, तरीही.