‘सोप्या’ दुहेरीचा हिशेब

घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरतो आहे: सानिया मिर्झाला एकेरी झेपली नाही, म्हणून तिने सोप्या दुहेरीचा आसरा घेतला, आणि तिथलेही यश जोडीदार मार्टिना हिंगिसच्या पुण्याईने मिळाले.

एकेरीपासून सुरुवात करू. २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीएचे (महिला टेनिस संघटनेचे) एकेरी विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी दुबईत तिने अमेरिकन ओपनची तेव्हाची विजेती स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा हिला सरळ सेटमध्ये हरवले, आणि २००७ मध्ये ती जागतिक क्रमवारीत २७ व्या स्थानी पोहोचली. तिची दुसरी सर्व्हिस कच्ची होती आणि ग्रँड स्लॅम एकेरीत ती चौथ्या फेरीपुढे गेली नाही, हे मान्यच आहे. पण २००८ मध्ये तिच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, ज्या हाताचा फोरहँड हेच तिचे हत्यार होते, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

‘दुहेरी सोपी’ हे मात्र रॅकेट हाती न धरलेल्याचेच वाक्य वाटते. कोर्ट २७ ऐवजी ३६ फूट रुंद होते आणि प्रत्येकीच्या वाट्याला निम्मे येते, हे खरे. पण आमच्याच कोर्टावर रविवारी सकाळी पाहावे: नेटपाशी एक जण रॅकेट उंचावून टपलेला असतो, आणि सर्व्हिस परतवणाऱ्याचा चेंडू जरा मधोमध किंवा वीतभर उंच गेला, की गुण हातचा गेलाच. तो चेंडू नेटपाशच्या खेळाडूला चुकवून, तिरका आणि नेटला घासून, पापणी लवायच्या आत परतवावा लागतो. सानियाचा फोरहँड नेमका इथे कामी आला.

राहिली हिंगिस. त्या दोघींनी सलग ४१ सामने जिंकले, तीन ग्रँड स्लॅम मिळवली. त्यात हिंगिसचा वाटा मोठाच. पण त्याआधी सानियाच्या नावावर मिश्र दुहेरीची तीन ग्रँड स्लॅम होती, दोन महेश भूपतीबरोबर आणि एक ब्रुनो सोआरेसबरोबर. शिवाय २०१४ मध्ये कारा ब्लॅकबरोबर डब्ल्यूटीए फायनल्सही. आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये जोडी फुटल्यावर सानियाने बार्बोरा स्ट्रायकोव्हाला घेऊन सिनसिनाटीची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात समोर होती हिंगिसच, कोको वँडवेगेसह.