रायनएअरची नक्कल केली की स्वस्त विमानसेवा उभी राहते?

एक दावा सध्या बराच फिरतो आहे: "अमेरिकेच्या साउथवेस्टने आणि आयर्लंडच्या रायनएअरने वाट दाखवली आहे. एकाच प्रकारची विमाने, गावाबाहेरचा स्वस्त विमानतळ, फक्त ऑनलाइन तिकीटविक्री. विकसनशील देशांत पगारही कमी, म्हणजे तिथे हे आणखी सोपे."

सर्वांत फसवा मुद्दा पगारांचा आहे. विमान भाड्याने घेण्याचा खर्च, इंजिनाची दुरुस्ती, सुटे भाग आणि बहुतांशी इंधनही डॉलरशी बांधलेले असते. तिकिटाचे पैसे मात्र रुपयांत, पेसोत किंवा शिलिंगमध्ये येतात. स्थानिक चलन घसरले की खर्च चढतो, पण तिकीट महाग केले तर प्रवासी परत बसकडे वळतो. अनुभवी वैमानिकही परदेशी पगाराशी तुलना करूनच टिकतो. त्यात करांचा भार: भारतात विमान इंधन अजून जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्यांचा व्हॅट लागतो. इंडिगोने 2005 मध्ये एकदम 100 विमानांची मागणी नोंदवून भाव पाडून घेतला, मग ती विमाने विकून भाड्याने परत घेतली. तिचे बळ या सौद्यात होते. पगार कापून ते आले नव्हते.

गावाबाहेरचा विमानतळ? साउथवेस्टचा डॅलसमधला लव्ह फील्ड तर मोठ्या विमानतळापेक्षा शहराच्या जवळ आहे. रायनएअरला जर्मनीतल्या हानसारखे जुने लष्करी तळ मिळाले, तेही चांगल्या रस्त्यांसह. अनेक देशांत राजधानीला एकच धड धावपट्टी असते. ब्राझीलच्या अझुल कंपनीने साओ पाउलोबाहेरच्या कॅम्पिनासचा विमानतळ निवडला, पण साओ पाउलोहून मोफत बसही चालवली.

एकाच प्रकारचे विमान तेव्हाच परवडते, जेव्हा ते भरते. अझुलने म्हणूनच छोटी एम्ब्रेअर आणि एटीआर घेतली. टांझानियात 2012 मध्ये एअरबस ए319 घेऊन उतरलेल्या फास्टजेटलाही पुढे छोट्या विमानांकडे वळावे लागले, आणि 2018 च्या अखेरीस तिची तिथली उड्डाणे थांबली.

ऑनलाइन विक्रीचे थोडक्यात: कार्ड नसलेल्या प्रवाशाकडून रोख किंवा मोबाइलवरून पैसे घ्यावेच लागतात.

नक्कल करण्यासारखे एक नक्की आहे: विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवणे. ते कुठेही लागू पडते.

मलेशियाच्या एअरएशियाचा दाखला हमखास दिला जातो. टोनी फर्नांडिस यांनी 2001 मध्ये ती कर्जासह एका रिंगिटला घेतली आणि रायनएअरमधल्या माणसाचा सल्लाही घेतला, हे खरे. पण 2006 मध्ये क्वालालंपूरच्या मुख्य विमानतळावरच स्वस्त सेवांसाठी वेगळे, साधे टर्मिनल उभे राहिले, हेही त्याच दमात सांगायला हवे; नुसत्या नकलेने ते यश आले नव्हते.