गंगावेशीच्या कट्ट्यावर ‘पात्र’ या शब्दाचा कीस

होमिओपॅथीवाल्यांना एक वर्षाचा कोर्स करून इंग्रजी औषधे लिहू द्यायला विरोध म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात डॉक्टरांनी संप केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाने उघडीप दिली, त्यामुळे कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आमची चौकडी पूर्ण भरली होती. मामा म्हशीच्या कासेखाली बसून थेट पेल्यात धारा काढत होते आणि पहिला पेला नेहमीप्रमाणे सर्जेरावांनी पटकावला होता. मिशीला लागलेला फेस पुसण्याआधीच त्यांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढून घोषणा केली की त्यांचा पुतण्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पात्र ठरला असून घराण्यातला पहिला डॉक्टर लवकरच तयार होणार आहे. निकाल जूनमध्ये लागला होता आणि पेढे सप्टेंबरात निघत होते, याबद्दल कोणी काही बोलले नाही.

बापूंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी नोकरी काढली आहे, त्यामुळे कोणतीही गोष्ट मोठी करून पाहिल्याशिवाय त्यांना गिळवत नाही. ते म्हणाले, “सर्जेराव, २०२५ मध्ये ही परीक्षा २२ लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि १२ लाखांहून अधिक मुले पात्र ठरली. देशभरातल्या सरकारी आणि खासगी सगळ्या मिळून एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे पात्र मुलांच्या दहा जणांच्या पंगतीत पान एकालाच वाढलेले आहे. बाकीच्यांनी पेढे कशाचे वाटायचे?”

सर्जेरावांचे म्हणणे असे पडले की पात्र म्हणजे पात्र, शासनाने तसे छापून दिले आहे. वर्गात जीवशास्त्र शिकवून माझी हयात गेली असल्याने मी मध्ये तोंड घातले आणि सांगितले की खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी पन्नासावे पर्सेंटाइल पुरते, म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे एवढाच त्याचा अर्थ होतो. “मास्तर, तुम्ही नेहमी बापूंच्याच बाजूने बोलता,” असे सर्जेराव म्हणाले. ते खरे आहे आणि ते लपवण्याचा माझा प्रयत्नही नाही.

खरा प्रश्न होता तो विलासच्या ऋतुजाचा. विलासचे मार्केट यार्डात गुळाचे दुकान आहे आणि लेकीच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून तो गुळाच्या भावाबद्दलसुद्धा नीट बोलेनासा झाला आहे. ऋतुजाला पहिल्या प्रयत्नात, २०२४ मध्ये, ५४८ गुण होते. एक वर्ष घरी बसून तयारी केल्यावर यंदा ४३१ मिळाले आणि दोन्ही वेळा सरकारी जागा हुकली. गुण ११७ ने घसरले म्हणून विलासने जूनमध्ये तिचा मोबाइल काढून घेतला होता आणि सर्जेरावांनी याच कट्ट्यावर, पोरगी शिकवणीच्या नावाखाली राजारामपुरीत चहा पीत हिंडते, असे निदान केले होते.

बापूंनी विलासला दोन्ही गुणपत्रिका मोबाइलवर उघडायला लावल्या आणि गुणांच्या रकान्यावर अंगठा ठेवून फक्त अखिल भारतीय क्रमांक वाचायला सांगितले. क्रमांक पुढे सरकलेला होता! २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले होते आणि सुधारित यादीतही असे १७ जण उरले होते, तर यंदा भौतिकशास्त्राने सगळ्यांचीच अशी दाणादाण उडवली की देशातला पहिला मुलगासुद्धा ६८६ वर थांबला. “बाजारात भाव पडला म्हणून मालाला खोट काढणारा गूळव्यापारी मी पहिल्यांदाच पाहतो आहे,” असे बापू म्हणाले, तेव्हा विलास बराच वेळ पेल्याकडे बघत राहिला. मुलीचा मोबाइल त्याच संध्याकाळी परत दिल्याचे त्याने मला नंतर सांगितले.

सर्जेरावांची मात्र योजना तयार होती, नव्हे, तीन योजना होत्या. पहिली म्हणजे आणखी एक वर्ष तयारी. बापूंनी पेढ्याच्या पुड्याचा कागद उलटा करून त्यावर आकडे मांडले. पोरीचे वय आज १९. साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी महाविद्यालय मिळाले तर एक वर्ष बंधपत्राची म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, ती नाकारली तर १० लाख रुपये दंड, आणि नुसत्या एमबीबीएसवर कोणी भागवत नाही म्हणून पुढे किमान तीन वर्षे पदव्युत्तर शिक्षण. कुठेही न अडखळता साडेअठ्ठावीस. “यात आणखी एक वर्ष मिळवायला माझी हरकत नाही,” ते म्हणाले, “पण ते वर्ष तिचे आहे, तुमच्या घराण्याच्या पाटीचे नाही.” मी स्वतः माझ्या थोरल्याला दोन वर्षे परीक्षेला बसवून ठेवले होते आणि तिसऱ्या वर्षी तो माझ्याशी बोलेनासा झाला होता, म्हणून या हिशोबाच्या वेळी मी गप्प बसलो.

दुसरी योजना परदेशाची होती. सर्जेरावांच्या साडूच्या मुलाने यासाठी कार्यालय थाटले आहे आणि त्याची रंगीत पत्रके सर्जेरावांच्या गाडीच्या डिकीत कायम असतात. २०२२ पर्यंत त्या पत्रकावर युक्रेन होते. युद्ध सुरू होऊन मुले अर्धवट परत आली, तेव्हा देशाचे नाव बदलले, खालचा मजकूर तोच राहिला. तिकडे ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि परत आल्यावर इथली चाळणी परीक्षा, या २०२१ च्या नियमावलीतल्या अटी त्या पत्रकात कुठेही सापडत नाहीत. यावर सर्जेराव उसळून म्हणाले की आनंदीबाई जोशीसुद्धा परदेशातच शिकल्या होत्या आणि त्यांना आपल्याच कोल्हापूरने नोकरी दिली होती. गोष्ट खरी आहे. पेनसिल्व्हेनियाहून पदवी घेतलेल्या आनंदीबाईंची १८८६ मध्ये आपल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (सीपीआर), स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली होती, पण काम सुरू करण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या. बापूंनी एवढे सगळे शांतपणे सांगितले आणि पुढे जोडले, “फक्त त्यांना कोणाच्या साडूच्या मुलाने कमिशन घेऊन पाठवले नव्हते.”

तिसरी योजना कालच्या संपातून सुचलेली होती: आयुर्वेद घ्यावा, मग एक वर्षाचा तो कोर्स करावा आणि सरळ इंग्रजी औषधे लिहावीत. तो कोर्स होमिओपॅथीवाल्यांसाठी आहे, आयुर्वेदासाठी नाही, एवढेही सर्जेरावांना ठाऊक नव्हते. पण बापूंचा आक्षेप त्याच्याही पुढचा होता. “पोरीला वैद्य व्हायचे असेल तर तिने खुशाल साडेपाच वर्षे त्यात घालावीत, मी पहिला पेढा खाईन. पण घरात शिरतानाच मागच्या दाराची कडी चाचपायची असेल, तर त्या घरात राहायला जाऊच नये.” संपात चूक कोणाची, यावर नंतर वीस मिनिटे वाद झाला, त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

विलासने हळूच विचारले की मग आता उरले काय. बापूंनी त्यालाच उलट विचारले की नर्सिंगची वेगळी सीईटी तिने दिली होती का. दिली नव्हती. अर्ज भरायच्या वेळी विलासच म्हणाला होता की आमच्या घरातली पोर नर्स होणार नाही. “म्हणजे दार तुझ्या पोरीने बंद केले नाही, विलास, ते तू परीक्षेआधीच बंद केलेस. आता निदान फिजिओथेरपीचे बघ, त्याला नीटचेच गुण चालतात. आणि रक्त, ऊतक, जंतू यांत तिला गोडी असेल तर प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी आहे, पुढे एमएस्सी आहे. आमच्या पेशाला राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये मिळाला. मी तोवर निवृत्त झालो होतो, तिला तरी त्याचा उपयोग होईल.”

इतका वेळ पाठमोरे बसलेले मामा म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, “हिच्या डॉक्टरला पण तीच परीक्षा लागती काय?” लागते, असे मी सांगितले, आणि शिरवळला त्याचे महाविद्यालय आहे हेही सांगितले. “मग तिकडं पाठवा की पोरीला. गेल्या अमावास्येला ही रात्री दोनला अडली, तेव्हा तालुक्यात एक माणूस गावला नाही.” विलासने पहिल्यांदाच मान वर करून म्हशीकडे नीट पाहिले.

सर्जेरावांना हे काही मानवले नाही. डॉक्टर म्हणजे एमबीबीएस, बाकी सगळे कंपाउंडर, असे ते मोठ्याने म्हणाले आणि विलासने दिलेला गुळाचा खडा दुधाबरोबर तोंडात टाकू लागले. बापूंनी त्यांचा हात धरला. या दोघांत साखरेवरून जुने वैर आहे. बापूंनी एकदा सर्जेरावांचा रिपोर्ट थेट वहिनींच्या हातात दिला होता आणि त्यानंतर सहा महिने सर्जेराव या कट्ट्याकडे फिरकले नव्हते.

“काल संध्याकाळी दवाखाना बंद होता,” बापू आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तेव्हा माझ्या दारात बोट पुढे करून कोण उभे होते? २८६ आली होती साखर. खडा खाली ठेवा.”

सर्जेरावांनी खडा खाली ठेवला. विलास इतका हसला की त्याचे दूध सदऱ्यावर सांडले. मामांनी तो खडा उचलून म्हशीला चारला.