नेपच्यूनच्या निळ्या फोटोखाली लिहिलेल्या पाच गोष्टी

गडद निळा गोळा आणि त्याखाली मजकूर: नेपच्यूनवर निळाशार महासागर आहे, तिथे कायम काळोख असतो, तो सूर्यमालेतला सर्वांत थंड ग्रह आहे, तिथे हिऱ्यांचा पाऊस पडतो आणि त्याचा चंद्र ट्रायटन लवकरच त्याच्यावर आदळणार आहे. शाळकरी मुलं हे खरं धरून चालतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी रंग. फोटो खरा आहे. व्हॉयेजर 2 यानाने ऑगस्ट 1989 मध्ये नेपच्यूनजवळून जाताना तो टिपला. पण ढगांचे पट्टे आणि दक्षिणेकडचा मोठा काळसर डाग ठळक दिसावा म्हणून त्यातला निळा रंग मुद्दाम गडद केला होता. शास्त्रज्ञांनी तेव्हा तशी नोंदही दिली होती. पुढे फोटो जगभर फिरला, नोंद मागेच राहिली. ऑक्सफर्डचे पॅट्रिक अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल ही अवकाशातली दुर्बीण आणि चिलीतली मोठी दुर्बीण यांनी घेतलेल्या वर्णपटांच्या (प्रकाशातल्या रंगांच्या मोजमापांच्या) आधारे रंग नव्याने जुळवले आणि जानेवारी 2024 मध्ये निकाल मांडला. नेपच्यून फिकट हिरवट निळा आहे, जवळजवळ युरेनससारखाच. त्याची निळाई किंचित जास्त, कारण त्याच्यावरचा धुरकट थर विरळ आहे. ही निळाई मुख्यतः मिथेनमुळे येते. तो वायू सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतो. म्हणजे आपल्याला दिसतं ते वातावरण, समुद्र नव्हे.

काळोखाचं म्हणाल, तर नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट दूर आहे, त्यामुळे तिथे प्रकाश सुमारे 900 पटींनी कमी पोचतो. तरीही ढगांच्या माथ्यावरची दुपार आपल्या पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा शेकडो पटींनी उजळ असते.

सर्वांत थंड ग्रहाचा मानही त्याचा नाही. सर्वांत कमी तापमान, उणे 224 अंश सेल्सिअस, युरेनसच्या वातावरणात नोंदलं गेलंय. नेपच्यूनच्या पोटात स्वतःची उष्णता आहे: सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या अडीच पटींहून जास्त तो बाहेर टाकतो.

हिऱ्यांचा पाऊस ही कल्पना निराधार नाही. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत 2017 मध्ये पॉलिस्टायरीन या प्लास्टिकवर लेसरचा प्रचंड दाब आणल्यावर त्यातल्या कार्बनचे अतिसूक्ष्म हिरे झाले. नेपच्यूनच्या पोटात असं घडत असावं, हा त्यावरून काढलेला तर्क आहे. तिथे हा पाऊस कोणीही पाहिलेला नाही.

आता ट्रायटन, ज्याच्यावर या मजकुराने सर्वांत मोठा अन्याय केलाय. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ विल्यम लॅसेल यांनी तो ऑक्टोबर 1846 मध्ये शोधला, नेपच्यून सापडल्यावर अवघ्या 17 दिवसांनी. नेपच्यून स्वतःभोवती ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेने ट्रायटन त्याला प्रदक्षिणा घालतो. त्यामुळे तो तिथे जन्मलेला नसून नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोळ्यांच्या कायपर पट्ट्यातून ओढला गेला असावा, असं मानलं जातं. या उलट्या फिरण्यामुळे त्याची कक्षा आक्रसतेय हे खरं. पण 'लवकरच' म्हणजे सुमारे साडेतीन अब्ज वर्षांनी, आणि तेव्हाही बहुधा आदळण्याआधीच नेपच्यूनच्या ओढीने त्याचे तुकडे होतील. ट्रायटनच्या उणे 235 अंशांच्या जमिनीतून वर उसळलेले काळपट फवारे व्हॉयेजरने पाहिले. आठेक किलोमीटर उंच चढून ते वाऱ्याबरोबर आडवे पसरत होते. त्यानंतर तिकडे एकही यान गेलेलं नाही, आणि ट्रायटनचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग आजवर कोणी जवळून पाहिलेला नाही.