कॅप्टनसाहेबांची कापलेली ओळ

मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांच्या 1930 सालच्या ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’ या चित्रपटात त्यांच्यातला ग्राउचो हा आफ्रिकेहून परतलेला शूर संशोधक कॅप्टन स्पॉल्डिंग म्हणून मेण्यात बसून येतो आणि खाली उतरताक्षणी पुण्याच्या रिक्षावाल्याशी घालावी तशी भाड्यावरून हुज्जत घालतो. आफ्रिकेपासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडपर्यंतचे 1 डॉलर 85 सेंट त्याला फार वाटतात. मग बर्ट कॅल्मर आणि हॅरी रूबी यांचे स्वागतगीत रंगते आणि माझा छळ सुरू होतो. यजमानीणबाई झालेल्या मार्गारेट ड्युमाँट कॅप्टनची थोरवी गाणारी ओळ संपवतात न संपवतात तोच चित्र दचकते, सुराला ठेच लागते आणि बाईंवर डोळा ठेवून ग्राउचोने जुळवलेले यमक गडप होते.

हॉलिवूडची नीतिसंहिता 1934 पासून काटेकोरपणे राबवली जाऊ लागली आणि 1936 मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना ही कात्री चालली. पुढे दशकानुदशके तीच कापलेली आवृत्ती फिरत राहिली. तरीही विक्रेते तिच्यावर बिनदिक्कत ‘संपूर्ण’ असे छापत, मी बिनदिक्कत विकत घेई, आणि नेमक्या त्याच जागी ड्युमाँटबाई पुन्हा एकट्या पडत. इंटरनेटवरच्या ‘अनकट’ चित्रफितींत तर पुष्कळदा गाणेच अर्धे असे.

अखेर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे जपून राहिलेल्या न कापलेल्या प्रतीवरून 2016 मध्ये ब्लू-रे डिस्क निघाली आणि ती ओळ परत आली. ओळ ऐकून मात्र मी कात्रीवाल्यांच्या सोवळ्यापुढे हात टेकले. या अख्ख्या मुलखात पाऊल टाकणारा हा एकमेव गोरा, ही ड्युमाँटबाईंची फुशारकी आणि अर्धवस्त्र काळ्या भोयांच्या खांद्यावरचा तो मेणा त्यांनी तसाच राहू दिला होता; त्यांना खुपली ती ग्राउचोची, बाईंना पटवून पाहावे म्हणतो, एवढीच लाडीगोडी!

हे सारे घरच्यांना दाखवावे म्हणून मी सर्वांना सक्तीने बसवले, ओळ येण्याआधी हात वर केला आणि ती गेल्यावर विजयी मुद्रेने मागे वळलो.

“अहो, पण यात कापलेले कुठे आहे?” सौभाग्यवतींनी विचारले. “ती कापलेली प्रत लावा बघू आधी, त्याशिवाय कळायचे कसे?”

लावली. तशा प्रतींची घरात वाण नव्हती.