साठीनंतर आरामात फिरायचंय? स्पोर्ट्स कार घ्या!

फंड हातात आला, मुलगा मार्गी लागला आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला, की घरचे वॅगन आर सुचवतात. उंच आहे, बसायला-उतरायला सोपी आहे म्हणे. ऐकू नका. पोर्शे ९११ घ्यायची हीच वेळ. किंमत दोन कोटींच्या घरात, वर महाराष्ट्राचा १३ टक्के रोड टॅक्स. पण आयुष्यभर लोकलला लोंबकळल्यावर आता आरामाच्या बाबतीत हात कशाला आखडता घ्यायचा?

आधी बसायचं कसं ते शिका. गाडीची उंची सुमारे १.३ मीटर, म्हणजे छत तुमच्या छातीशी. दार सताड उघडायचं (शेजारच्याने गाडी चिकटून लावली नसेल तर), पाठमोरं व्हायचं, कुलदैवताचं नाव घ्यायचं आणि अंग सोडून द्यायचं. खाली सीट असतेच. मग मान आत, आणि शेवटी एकेक पाय हाताने उचलून. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली असेल तर त्यांना यातलं काही सांगू नका. उतरणं त्यामानाने सोपं, वॉचमनला हाक मारायची. फक्त दंड धरायचा, बगल नाही, हे त्याला आधीच समजावून ठेवा.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेटपाशी घातलाय तो वेगळ्याच शास्त्रानुसार. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभरही वर नाही. घाबरू नका. जादा पैसे मोजले की बटण दाबून गाडीचं नाक सुमारे ४ सेंटीमीटर वर उचलता येतं, आणि कुठे उचललं ती जागा गाडी जीपीएसवर लक्षात ठेवते. तिला एकच जागा शिकवा : घोडबंदर रोड. ही सोय गाडी सावकाश चालली असेल तरच चालते, पण ठाण्यात ती अट पाळावी लागत नाही, आपोआप पाळली जाते.

शून्यावरून शंभरला चारेक सेकंद. पातलीपाड्याला सिग्नल सुटला की त्यातला पहिला अर्धा सेकंद वापरून पुढच्या टीएमटी बसच्या मागे उभे राहा. उरलेले सेकंद समृद्धी महामार्गासाठी राखून ठेवा. तिथे मर्यादा १२०, म्हणजे टोलनाका सोडताच हौस फिटते. मग नागपूरपर्यंत नुसतं बसायचं.

मागच्या दोन सीट नातवंडांसाठी, तीही दुसरी-तिसरीत जाईपर्यंत. वहिनी एकदा हौसेने बसतील. पुढच्या वेळी रिक्षाने येतील आणि तुमच्या आधी पोचतील.

आणि रोजची भाजी? इंजिन मागे आहे, डिकी पुढे. मंडईबाहेर बॉनेट उघडून कोथिंबिरीची जुडी आत ठेवलीत की दोन पोरं धावत येतील. "काका, बंद पडली का? धक्का मारू?"

मारू द्या. तेवढंच पेट्रोल वाचेल.