क्लेओचा सूड आणि मील्केची तिजोरी

जर्मन गुन्हेगारी मालिकांशी आमच्या पिढीची पहिली ओळख झाली ती दूरदर्शनवर रात्री उशिरा लागणाऱ्या 'द ओल्ड फॉक्स'मुळे. म्युनिकचा तो वयस्क इन्स्पेक्टर कुठेही घाई करत नसे, आवाज चढवत नसे, आणि खुनी सापडला तरी त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नसे. खून हा तिथे एक दुःखद, काहीसा कचेरीतला मामला असे. त्यामुळे नेटफ्लिक्सवर 'क्लेओ' पाहायला बसलो तेव्हा मी बहुधा तशाच करड्या रंगाच्या तयारीने बसलो होतो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच ती तयारी निरुपयोगी ठरली. दोन्ही पर्व पाहून झाल्यावर या मालिकेबद्दल जे मनात घोळत राहिले ते सविस्तर लिहितो आहे. कथेतले मोठे धक्के उघड करणार नाही, मात्र सुरुवात सांगावी लागेल.

१९८७ साल. क्लेओ श्ट्राउब ही पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलीस यंत्रणेची, म्हणजे श्टाझीची, मारेकरी आहे. ती पश्चिम बर्लिनमध्ये जाते, बिग ईडन नावाच्या डिस्कोमध्ये वरिष्ठांनी नेमून दिलेल्या एका माणसाला संपवते आणि परत येते. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप येतो, आणि ज्यांच्या जिवावर ती उभी होती ते सगळे, सख्ख्या आजोबांपासून प्रियकरापर्यंत, तिच्यावर पाणी सोडतात. अटकेच्या वेळी ती गरोदर असते. तुरुंगात ते मूल जाते. मग बर्लिनची भिंत पडते, राजकीय कैदी सुटतात, त्यांत क्लेओही सुटते, आणि आपल्याला कोणी व का अडकवले याचा शोध घेत एकेकाला गाठायला निघते. मालिका २०२२ साली आली, तिचे दुसरे पर्व २०२४ साली. क्लेओचे काम येला हाझे या अभिनेत्रीने असे काही केले आहे की एकाच दृश्यात तिच्यात शाळकरी मुलगी आणि कसाई दोन्ही दिसावेत. तिच्या मागावर असलेला पश्चिम बर्लिनचा पोलीस (दिमित्री शाड) आर्थिक फसवणुकीच्या विभागात खितपत पडलेला आहे, आणि त्याने डिस्कोतला तो प्रसंग स्वतः पाहिला असूनही त्याच्यावर कोणी विश्वास ठेवलेला नाही.

मालिकेच्या आरंभी पडद्यावर अक्षरे येतात: ही खरी गोष्ट आहे, यातले काहीही प्रत्यक्षात घडलेले नाही. ही गंमत मला आवडली, पण तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. कारण ज्या लाल सुटकेसच्या मागे मालिकेतली सगळी माणसे धावत असतात, तशी एक लाल सुटकेस खरोखर होती. श्टाझीचा प्रमुख एरिश मील्के याने ती आपल्या कचेरीत जपून ठेवली होती, आणि तिच्यात देशाचा सर्वोच्च नेता होनेकर याच्या नाझी काळातील खटल्याची कागदपत्रे होती. आपल्याच साहेबाची फाइल आपल्याच तिजोरीत ठेवणारा हा माणूस कोणत्याही पटकथाकाराला सुचला नसता.

काही वर्षांपूर्वी बर्लिनला गेलो असताना नोर्मानेनश्ट्रासेवरची ती कचेरी मी पाहिली. आता तिथे संग्रहालय आहे. मी मनात काळोख्या तळघराची कल्पना करून गेलो होतो आणि प्रत्यक्षात दिसले ते आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सहकारी बँकेच्या अध्यक्षांच्या दालनासारखे काहीतरी: फिकट लाकडाच्या भिंती, निळ्या खुर्च्या, टेबलावर टेलिफोनची रांग. मील्केसाहेबांची न्याहारी टेबलावर कशी मांडायची, याची सूचना देणारे एक कार्डही तिथे आहे. अंडी कुठे, पाव कुठे, रुमाल कुठे, हे सगळे आखून दिलेले. त्या कार्डासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. १९८९ साली या यंत्रणेत सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते, आणि त्यांच्याखेरीज पावणेदोन लाखांहून अधिक खबरे, ज्यांत शेजारी, सहकारी, मित्र सगळे आले. एवढ्या मोठ्या भयाच्या मुळाशी बशीची जागा ठरवून देणारा माणूस बसलेला होता. मालिकेतले श्टाझीचे अधिकारी काहींना विदूषकी वाटतील, पण ते कार्ड पाहिल्यापासून मला ती अतिशयोक्ती वाटत नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. क्लेओ ज्यांच्यावर सूड उगवते त्यांनी तिचा विश्वासघात केला, हे खरे. परंतु विश्वासघात होण्याआधी ती स्वतः काय करत होती? सरकारने नाव द्यावे आणि हिने माणूस मारावा, हे तिचे काम होते, आणि त्या कामाचा तिला अभिमान होता. तिच्या मुलाचा हिशेब ती मागते आणि तो मागण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, हे मी नाकारत नाही. पण डिस्कोत मेलेल्या त्या माणसाचा हिशेब कोणी मागायचा? त्याला का मारायला लावले, हे मालिकेचे मध्यवर्ती कोडे आहे, म्हणजे तो एक धागा आहे, एक पुरावा आहे. तो कोणाचा तरी कोणी होता, ही जाणीव मला तरी फारशी दिसली नाही. जर्मन भाषेत 'आब्रेख्नुंग' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ बिलाचा हिशेबही होतो आणि सूडही होतो. आपण 'हिशेब चुकता करणे' म्हणतो, अगदी तसेच. क्लेओ हिशेब चुकता करते तो केवळ येणे बाजूचा. देणे बाजूचे पान मालिका उलटत नाही.

आपल्याकडे सुडाची सर्वांत भयंकर कथा अश्वत्थाम्याची आहे, आणि तिच्यात ही चूक नाही. पित्याला कपटाने मारले गेले, ही त्याची तक्रार शंभर टक्के खरी होती. तरीही रात्री झोपलेल्यांना कापून काढल्यावर व्यासांनी त्याला सोडले नाही. कपाळावर भळभळती जखम देऊन रानोमाळ फिरायला लावले. क्लेओला मात्र पटकथा प्रत्येक वेळी एक चुरचुरीत संवाद आणि सुंदर संगीत देऊन पुढच्या गावाला रवाना करते. मजा येते, नाही असे नाही. मीही हसलो. हसल्यावर थोडा वेळ अवघडून बसलो, एवढेच.

ही अस्वस्थता मला एरवी कदाचित वाटली नसती, पण भिंत पडल्यानंतर पूर्व जर्मनीच्या खऱ्या माणसांनी काय केले हे ठाऊक असल्यामुळे ती वाटते. १५ जानेवारी १९९० रोजी लोक त्या मुख्यालयात घुसले. त्याआधीच श्टाझीने कागद नष्ट करायला घेतले होते, यंत्रे पुरी पडेनात म्हणून माणसे हातांनी पाने फाडत बसली होती, आणि त्या तुकड्यांची सुमारे सोळा हजार पोती शिल्लक राहिली. लोकांनी ती पोती जाळली नाहीत. पुढे न्यूर्नबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फ गावात कर्मचारी ते तुकडे कोड्यासारखे जुळवत बसले, वर्षानुवर्षे. १९९२ पासून कोणालाही आपली स्वतःची फाइल वाचायची मुभा मिळाली. एका सरकारविरोधी कार्यकर्तीला ती वाचताना कळले की 'डोनाल्ड' या टोपणनावाने आपल्यावर नजर ठेवणारा खबऱ्या म्हणजे आपला नवरा. क्लेओच्या प्रियकराची भानगड त्यापुढे काहीच नाही. त्या बाईने पिस्तूल उचलले नाही. तिने घटस्फोट घेतला.

आणि मील्के? १३ नोव्हेंबर १९८९ रोजी त्याने संसदेत उभे राहून 'माझे तर सगळ्यांवरच प्रेम आहे' असे सांगितले आणि सभागृह हसले. त्याला शिक्षा झाली ती १९९३ साली, आणि तीही श्टाझीच्या कारभाराबद्दल नव्हे. १९३१ च्या ऑगस्टमध्ये, तेवीस वर्षांचा तरुण कम्युनिस्ट असताना, बर्लिनच्या ब्यूलोव चौकात दोन पोलीस अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्याबद्दल त्याला सहा वर्षांची कैद सुनावली गेली. बासष्ट वर्षांपूर्वीचा गुन्हा, आणि पुरावा म्हणून वापरलेले जुन्या तपासाचे कागद त्याच्याच तिजोरीत सापडलेले. दुसऱ्याच्या फायली जमवणाऱ्याने स्वतःचीही जपून ठेवली होती!

जर्मन कायद्यात खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही, म्हणजे कितीही वर्षांनी खटला भरता येतो. १९७९ साली त्यांच्या संसदेने ती कायमची काढून टाकली, ती मुख्यतः नाझी गुन्हेगार सुटू नयेत म्हणून. पण सदोष मनुष्यवधाला मुदत आहे, आणि जुन्या खटल्यांचे सारे घोडे तिथेच पेंड खाते. त्यामुळे २०२४ साली बर्लिनच्या न्यायालयापुढे प्रश्न आला तो असा की २९ मार्च १९७४ रोजी फ्रीडरिखश्ट्रासे स्थानकाच्या तपासणी नाक्यावर जे घडले तो खून होता की केवळ वध. एका पोलिश नागरिकाने बॉम्बची धमकी देऊन पश्चिमेकडे जाऊ देण्याची मागणी केली होती. श्टाझीने मान्य केल्याचे नाटक केले, कागदपत्रे दिली, नाक्यापर्यंत सोबत केली, आणि शेवटची तपासणी ओलांडून तो निर्धास्त झाला तेव्हा सुमारे दोन मीटरवरून त्याच्या पाठीत गोळी घातली. तो बेसावध होता म्हणून हा खून, असे न्यायालयाने ठरवले आणि ऐंशी वर्षांच्या त्या माजी अधिकाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. श्टाझीत असताना केलेल्या खुनाबद्दल तिच्या माणसाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ.

हे वाचताना मला डिस्कोतला तो पहिला प्रसंग पुन्हा आठवला. तिथेही माणूस बेसावध होता, तिथेही वरून आदेश होता. पाहणारा पोलीस एकटा होता आणि त्याला वेड्यात काढले गेले. फ्रीडरिखश्ट्रासेच्या नाक्यावर १९७४ साली शाळेच्या सहलीवरून पश्चिमेकडे परतणाऱ्या काही मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांनी ती गोळी घातलेली पाहिली. पन्नास वर्षांनी, साठी उलटून गेल्यावर, त्यांतल्या काही जणी बर्लिनच्या न्यायालयात आल्या आणि तो माणूस कसा पडला ते त्यांनी सांगितले.